संस्थेमार्फत नोकरी: पुण्यात कुठून सुरुवात करायची आणि काय काय विचारायचं

घरात दहावी नापास पुतण्या असो, नवरा गेलेली बहीण असो, दिव्यांग मूल असो की व्यसनातून उठलेला भाऊ, त्याला कामाला लावायचं म्हटलं की "अमक्या संस्थेत जा" असं सांगणारे पुण्यात पावलोपावली भेटतात. पण नेमक्या कुठल्या संस्थेत जायचं, तिथे काय मागायचं आणि कशावर सही करायची नाही, हे कुणी सांगत नाही. माझ्या कर्णबधिर भाच्यासाठी मी या सगळ्यातून गेले. मग आमच्या बिबवेवाडीतल्या वस्तीतल्या बायका एकेक करून विचारायला लागल्या. त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

१. आधी गरज ठरवा, मग संस्था

"गरजूंना रोजगार" असा फलक सगळ्यांच्याच दारावर असतो. आतलं काम मात्र फार वेगवेगळं असतं. ढोबळ चार प्रकार मला दिसले.

पहिला प्रकार शिकवून नोकरीला लावणाऱ्यांचा. पुण्यात लाइटहाऊसची केंद्रं याच प्रकारची. महापालिकेच्या साथीने २०१६ मध्ये औंधला पहिलं केंद्र सुरू झालं आणि नंतर ती शहरभर पसरली. वस्तीतल्या अठरा वर्षांपुढच्या मुलामुलींना आधी स्वतःची ओळख, बोलणं-चालणं, थोडं इंग्रजी असा पायाभूत कोर्स देतात, मग कौशल्याचा कोर्स आणि नोकरी. गावाकडून आलेल्यांना स्वतःचा धंदा टाकायचा असेल तर हडपसरला महाबँकेची स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, तिथलं प्रशिक्षण मोफत असतं.

दुसरा प्रकार स्वतःच कामावर घेणाऱ्यांचा. म्हणजे संस्था हाच धंदा. वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या चरख्यावर आणि मागावर विणून बॅगा करणारी 'रीचरखा' किंवा चिप्सच्या रिकाम्या पाकिटांपासून गॉगल बनवणारी 'विदाउट' ही पुण्यातली उदाहरणं. इथे जागा थोड्या असतात, पण काम हाताला धरून शिकवतात.

तिसरा प्रकार कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थांचा. 'स्वच्छ' सगळ्यांना माहीत आहे, रोज सकाळी दारात येते. तिचं मूळ १९९३ च्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत आहे आणि २००८ पासून ती महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 'स्वच्छ'मध्ये ठरलेला पगार नसतो. घरांकडून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि भंगार विकून आलेले पैसे ही कमाई. कचरा गोळा करणारी बाई तिथली नोकर नाही, सभासद आहे. "एक तारखेला खात्यात पैसे" हवे असणाऱ्याने हे आधीच विचारात घ्यावं.

चौथा प्रकार आश्रित कार्यशाळांचा. ज्यांना खुल्या बाजारात टिकणं अवघड आहे अशांसाठी. गोखलेनगरची कामायनी बौद्धिक दिव्यांग मुलामुलींसाठी आहे. धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं, मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठीचं पुनर्वसन केंद्र आहे. अशा ठिकाणी जे हातात पडतं त्याला मानधन म्हणतात, आणि ते पगाराएवढं नसतं. माझं मत विचाराल तर काही जणांसाठी हीच योग्य जागा असते, त्यात कमीपणा काही नाही. पण सौम्य अडचण असलेल्या मुलाला "इथे सुरक्षित आहे ना" म्हणून वर्षानुवर्षं लिफाफे चिकटवत बसवू नका. दर सहा महिन्यांनी विचारा, बाहेर पाठवण्याच्या दृष्टीने तुम्ही काय करताय?

हे प्रकार पुण्याला नवे नाहीत. रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ चं, खडकीची जखमी जवानांना हातचं काम शिकवणारी क्वीन मेरी संस्था १९१७ ची. त्यामुळे शहरात अनुभवी माणसं भरपूर आहेत, फक्त योग्य दारात जायला हवं.

२. कागदांची फाइल

एक साधी प्लास्टिकची फाइल घ्या. त्यात हे असू द्या:

आधार, पॅन, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटची गुणपत्रिका (नापासाची असली तरी), बँकेचं पासबुक, पासपोर्ट आकाराचे फोटो. लागू असेल तर जातीचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, पतीचा मृत्यू दाखला. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स.

उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, महा ई-सेवा केंद्रात अर्ज होतो. ऐनवेळी बॅच सुरू होते आणि हाच एक कागद अडतो.

आता नावाचा घोळ. बायकांच्या बाबतीत हे जवळजवळ ठरलेलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात नुसतं "सुनीता" आणि आडनावात एक वेलांटी इकडेतिकडे. कोर्सला प्रवेश मिळेपर्यंत कुणाला फरक पडत नाही. नोकरी लागली की पीएफच्या नोंदणीला आधारवरचंच नाव लागतं, आणि पॅनवर वेगळं असेल तर तिथे गाडी अडते. म्हणून आधार हा पाया धरा आणि पॅन, बँक त्याच्याशी जुळवून घ्या. माहेर-सासर जोडायला विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. तो नसेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ जातो.

दुसरी अडचण मोबाइलची. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा असतो किंवा बंद पडलेला. सगळे ओटीपी तिकडे जातात. एक बाई माझ्यासमोर फॉर्म भरायला बसली आणि नवरा वाघोलीच्या साइटवर, फोन उचलेना. तासभर सगळे थांबले. आधार केंद्रात किंवा पोस्टात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या, आणि हे काम सगळ्यात आधी करा.

मूळ कागद कुणाच्याही हवाली करायचे नाहीत. "तपासायला ठेवतो, उद्या न्या" म्हटलं तरी नाही. दाखवायचे आणि परत फाइलीत.

३. दिव्यांग असल्यास यूडीआयडी

ज्यांना लागू नाही त्यांनी पुढे जावं.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतं. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीला इथे किंमत नाही, यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र हवं. आधी ऑनलाइन अर्ज, त्यात रुग्णालय निवडायचं, मग तपासणीला जायचं. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून. ज्या विभागात तपासणी असते त्याचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून जा, नाहीतर अर्धा दिवस रांगेत जातो आणि "गुरुवारी या" ऐकून परत यावं लागतं. जुने रिपोर्ट असतील ते सगळे न्या. कानाच्या बाबतीत ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) लागतोच, लहान किंवा नीट प्रतिसाद न देणाऱ्याला बेरा ही कानाचीच दुसरी तपासणी सांगतात. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यांकाची चाचणी होते.

कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो. ४० च्या आत पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यावर निळा.

कार्ड आलं की नोकरी आलीच, असं मात्र समजू नका. ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांत आहे, खासगी कंपनीला तशी सक्ती नाही. पण २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं आणि त्यासाठी एक संपर्क अधिकारी नेमायचा असतो. मुलाखतीला गेलात की एचआरला सरळ विचारा, तुमचा संपर्क अधिकारी कोण? उत्तर देताना चेहरा कसा होतो त्यावरून बरंच कळतं. आणि भेदभाव झाला तर कॅम्पात चर्च रोडला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे लेखी तक्रार देता येते.

४. संस्थेत पहिल्यांदा जाताना

संस्थेच्या माणसांसमोर आपण उगाच दबून बसतो. फुकट शिकवतायत, मग प्रश्न कसे विचारायचे? विचारायचे. त्यांचा पगार बऱ्याचदा तुमच्या माणसाच्या नावावर आलेल्या निधीतून होतो.

हा निधी कुठून येतो ते समजलं की पुढचं आपोआप उलगडतं. काही पैसा सरकारी योजनांचा असतो, काही कंपन्यांच्या सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. पैसे देणारा विचारतो, किती जण लागले कामाला? सरकारी कौशल्य योजनांत साधारण तीन महिने नोकरी टिकली की ती प्लेसमेंट धरली जाते. म्हणून तीन महिने फोन येतात, "ताई, कसं चाललंय, सॅलरी स्लिपचा फोटो पाठवा ना". चौथ्या महिन्यात नवी बॅच आलेली असते. यात कुणाचा दुष्टपणा नाही, हिशेबच तसा असतो. पण नोकऱ्या तुटतात त्या नेमक्या तेव्हाच, नव्याची नवलाई संपल्यावर.

म्हणून माझा पहिला प्रश्न कोर्सचा नसतोच. मी विचारते, "चौथ्या महिन्यात काही झालं तर मी कुणाला फोन करायचा?" चांगल्या ठिकाणी नाव आणि नंबर मिळतो. "आमचं ऑफिस आहे ना" असं उत्तर आलं तर समजून जा.

बाकीचे प्रश्न असे:

मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी बोलता येईल का? (नंबर त्यांना विचारूनच द्या म्हणावं.)
नोकरी कुठल्या भागात लागते आणि हातात किती येतात?
पैसे भरायचे आहेत का, असतील तर पावती मिळेल का, परत मिळतात का?
मध्येच सोडलं तर काय?

पैशांबद्दल स्पष्ट सांगते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचं प्रशिक्षण उमेदवाराला मोफत असतं. त्या नावाखाली कुणी "रजिस्ट्रेशन" घेत असेल तर उठून या. काही संस्था थोडी फी घेतात, माणूस टिकावा म्हणून, ते मला चूक वाटत नाही. पण नोकरी लावून देण्याचे पैसे, पहिल्या पगारातला हिस्सा, "युनिफॉर्मचं डिपॉझिट आत्ताच जीपे करा" हे सगळं वाईट लक्षण.

याच्या जोडीला सरकारी नोंदही करून ठेवा. महास्वयम् संकेतस्थळावर नाव घालायला पैसे पडत नाहीत. जिल्ह्याचं कौशल्य विकास आणि रोजगार मार्गदर्शन केंद्र रास्ता पेठेत आहे, रोजगार मेळाव्यांची खबर तिथे लागते. अनुसूचित जातींच्या मुलांनी बार्टी आणि मराठा-कुणबी मुलांनी सारथी या सरकारी संस्थांच्या योजना पाहाव्यात, दोन्हींची मुख्य कार्यालयं पुण्यातच आहेत.

५. कोर्स निवडताना नकाशा समोर ठेवा

कुठला कोर्स चांगला हा प्रश्न निम्माच. त्या कोर्सनंतर नोकऱ्या कुठे आहेत हा खरा. मशीन चालवण्याचा कोर्स केला की नोकरी चाकण, रांजणगाव, भोसरी. हाउसकीपिंग, फॅसिलिटी म्हटलं की हिंजवडी, खराडी, मगरपट्टा. नर्सिंग असिस्टंट, ब्युटी, टेलरिंग, अकाउंट्स यांची कामं शहरात घराजवळ मिळू शकतात.

जनता वसाहतीतल्या मुलाला चाकणला पहिली पाळी लागली तर कंपनीची बस पहाटे निघते. बस कुठून सुटते, तिथपर्यंत त्या वेळी जायचं कशाने, हे कोर्सला नाव घालायच्या आधी विचारा. मेट्रो स्वारगेटहून पिंपरीपर्यंत आहे, पुढे चाकणला नाही. लहान मूल असलेल्या बाईला पगार थोडा कमी असला तरी चालेल पण काम घराजवळ हवं असतं. काउन्सिलरला हे मोकळेपणाने सांगा, नाहीतर "उमेदवाराने नोकरी नाकारली" अशी नोंद होते आणि पुढच्या वेळी नाव मागे पडतं.

६. मुलाखत

मुलाखतीला बरोबर कुणी जावं का? दिव्यांग उमेदवाराबरोबर एकाने जावं, पण दारापर्यंत. माझ्या भाच्याच्या वेळी साहेब सगळे प्रश्न मलाच विचारत होते, "हा किती शिकलाय, ह्याला जमेल का". मी खुर्ची मागे ओढली आणि वही-पेन भाच्यापुढे सरकवलं. त्याने लिहून उत्तर दिलं, मग साहेबांनीही लिहूनच विचारायला सुरुवात केली. खुणांची भाषा येणारा दुभाषा संस्थेकडे मागता येतो. नसेल तर वही तरी हवीच.

मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल काय सांगायचं हे घरी ठरवून जा. व्यसनमुक्ती केंद्रात होतो, तुरुंगात होतो, आजारी होतो, यातलं किती आणि कसं सांगायचं हे संस्थेतल्या माणसाबरोबर बसून ठरवावं. खोटं सांगू नये, कारण बऱ्याच कंपन्या पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागतात. पण पहिल्याच वाक्यात सगळी कहाणीही सांगू नये. येरवड्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्यांनी पाठपुराव्याच्या मीटिंगचा वार सांभाळता येईल अशीच पाळी मागावी. यात तडजोड करू नका.

७. ऑफर हातात आली की

इथे घाई करू नका. तीन गोष्टी बघा.

नोकरी कोण देतंय? गेटवर मोठ्या कंपनीचं नाव असतं, पत्रावर ठेकेदाराचं. तुमचा मालक तो ठेकेदार. त्याचा पत्ता आणि नंबर लिहून ठेवा.

कामगार म्हणून घेतायत की अप्रेंटिस म्हणून? अप्रेंटिसला विद्यावेतन मिळतं, पीएफ नाही, आणि मुदत संपली की कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं. काम शिकायला चांगलं, घर चालवायला अपुरं. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही अशीच: सुरू झाली तेव्हा सहा महिन्यांची, बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. अनुभव म्हणून घ्या, नोकरी समजू नका.

हातात किती? "चौदा हजार" सांगतात आणि पहिल्या महिन्यात बारा येतात, मग घरात भांडण. हिशेब असा. समजा एकूण पगार १४,०००, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४० गेले. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, एकूण पगारावर ०.७५ टक्के, म्हणजे १०५. व्यवसाय कर पुरुषाला २००, बाईला २५,००० पर्यंत माफ. म्हणजे बाईच्या हातात १२,४५५, पुरुषाच्या १२,२५५. हे कापलेले पैसे बुडत नाहीत. पीएफमध्ये मालकही भर घालतो. ईएसआयमध्ये मालक ३.२५ टक्के भरतो आणि घरच्यांनाही उपचार मिळतात, आपल्याकडे बिबवेवाडी आणि चिंचवडला रुग्णालयं आहेत. ही सोय २१,००० पर्यंतच्या पगाराला, दिव्यांग कामगाराला २५,००० पर्यंत.

"कापू नका, सगळे रोख द्या" अशी मागणी कामगारच करतात, ठेकेदाराला तेच हवं असतं. ती करू नका.

आधी कुठे पीएफ कापला असेल तर जुना यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर सांगा. नवा काढला तर जुने पैसे अडकून बसतात आणि ते सोडवायला पुन्हा नावाच्या स्पेलिंगपासून सुरुवात.

८. पहिले तीन महिने, आणि चौथा

पहिल्या आठवड्यात माणूस थकून येतो. पाय सुजतात, डबा पुरत नाही, सुपरवायझर ओरडतो. घरच्यांनी या काळात "नको जाऊ मग" म्हणायचं नाही आणि "सगळ्यांनाच त्रास होतो" असंही झटकायचं नाही. नेमकं काय अडतंय ते विचारा, कारण बऱ्याचदा ते छोटं असतं. भाच्याच्या पहिल्या कंपनीत पाळी बदलली की सुपरवायझर फोन करून कळवायचा. बहिऱ्या मुलाला फोन! दोनदा गैरहजेरी लागली, आणि कामात लक्ष नाही असा शेरा. संस्थेच्या ताईंनी एक फोन केला, पाळीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागला, विषय संपला. ताईंचा नंबर नसता तर नोकरी गेली असती.

दर महिन्याची सॅलरी स्लिप मोबाइलवर नाही, कागदावर मागा आणि त्याच प्लास्टिकच्या फाइलीत लावा. उमंग या सरकारी अ‍ॅपवर पीएफ खरंच जमा होतोय का ते दोन महिन्यांनी बघा. कापलेला पण न भरलेला पीएफ हा ठेकेदारांचा जुना खेळ आहे.

बाईला कामाच्या जागी त्रास होत असेल तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. लहान जागा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. संस्थेलाही कळवा, म्हणजे पुढच्या मुली तिथे जाणार नाहीत.

आणि सोडावीच लागली तर तडकाफडकी जाणं बंद करू नका. लेखी राजीनामा द्या, त्याची पोचपावती घ्या, शेवटच्या पगाराची तारीख आणि अनुभवपत्र मागा. अनुभवपत्रावर ठेकेदाराचा शिक्का आणि सही, दोन्ही आहेत ना ते तिथेच उभं राहून तपासा. मग संस्थेत परत जाऊन सांगा, सोडली, का सोडली, आता काय हवंय. दुसऱ्या नोकरीच्या वेळी बहुतेक ठिकाणी नव्याने कोर्स करावा लागत नाही, थेट मुलाखतींच्या यादीत नाव लागतं. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.